खानापूर-बेळगाव भागात वापरायच्या पेट्रोल गाडीसाठी सिंथेटिक ऑइल आणि फिल्टर कोणता निवडावा?

खानापूरचा_मास्तर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक असून ती आतापर्यंत ७८,००० किलोमीटर चालली आहे. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ग्रेडचे ऑइल सांगितले असून ते १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावे असे म्हटले आहे. गेल्या महिन्यात बेळगावातील एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून घेतले, तेव्हा मला न विचारता २०डब्ल्यू-५० घालण्यात आले. बिल पाहून मी विचारणा केली असता, ‘आपल्याकडच्या उन्हात पातळ ऑइलचे पाणी होते, हे जाड आहे, इंजिनाला चांगले’ असे उत्तर मिळाले. फिल्टरही त्यांनी नवा बसवला, परंतु त्याच्या डब्यावर मला ओळखीचे नाव दिसले नाही. तेव्हापासून सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद वरच्या बाजूने खडखड आवाज येतो आणि मग थांबतो.

माझा वापर असा आहे: रोज शाळेपर्यंत चार किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे, आठवड्यातून एकदा बेळगाव, आणि महिन्यातून एकदा जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोवा. पूर्ण सिंथेटिक ऑइलवर जादा पैसे खर्च करणे माझ्यासारख्याला परवडण्याजोगे आणि उपयोगाचे आहे का? फिल्टर कंपनीचाच घ्यावा का? माझ्या धाकट्या भावाकडे अथणीला २०१५ ची डिझेल गाडी आहे. दोघांनी मिळून एक मोठा डबा घेतला तर चालेल का? आणि उरलेले ऑइल मोटारसायकलला वापरता येईल का, हेही कृपया सांगावे.

उद्यमबागचा_लेथवाला

मास्तर, मी उद्यमबागेत हायड्रॉलिकचे सुटे भाग बनवतो, त्यामुळे तेलाचा जाडपणा आणि फिल्टर यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो. गाडीच्या इंजिनाचा मी मिस्त्री नाही, तरी ग्रेडविषयी जे सांगता येईल ते सांगतो.

उन्हाचा मुद्दा वरवर पटतो, पण तो चुकीचा आहे. बाहेर मे महिन्यातले ३७ अंश असोत वा डिसेंबरमधले १३ अंश, इंजिन एकदा तापले की थर्मोस्टॅटमुळे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राहते आणि ऑइलही त्याच्या मागोमाग त्याच पट्ट्यात किंवा थोडे वर जाते. म्हणजे ऑइलला बेळगावचे ऊन जाणवतच नाही. त्याला जाणवते ती इंजिनाची आच. ग्रेडमधला दुसरा आकडा नेमका १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो: ३० च्या ऑइलचा तो ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स असतो, तर ५० च्या ऑइलचा १६.३ ते २१.९. आपल्या इंजिनातील बेअरिंगची फट, ऑइल पंप आणि टायमिंग चेनला ऑइलच्या दाबाने ताणून धरणारा टेन्शनर हे सगळे पहिल्या पट्ट्याचा हिशोब धरून बनवलेले असताना त्यात जवळजवळ दीडपट-दुप्पट जाड द्रव घालणे म्हणजे उसाच्या रसासाठी बसवलेल्या पाइपातून काकवी ढकलण्यासारखे आहे.

पहिला आकडा आणि ‘डब्ल्यू’ हे थंडीतले वागणे दाखवतात. ५डब्ल्यूची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ३५ वर आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर. तेवढी थंडी आपल्या सात पिढ्यांनी पाहिलेली नाही. त्यामुळे ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांतल्या फरकासाठी आपल्या भागात कोणी जीव टाकू नये. मात्र थंडीतल्या सकाळी २०डब्ल्यू-५० आणि ५डब्ल्यू-३० यांच्यातला फरक निश्चित जाणवतो, कारण रात्रभर खाली उतरलेले ऑइल पुन्हा वर डोक्यापर्यंत पोचायला जाड तेलाला जास्त वेळ लागतो, आणि इंजिनाची झीज बऱ्याच अंशी त्या सुरुवातीच्या क्षणांतच होत असते.

आता ‘सिंथेटिक’ या शब्दाविषयी. अमेरिकेत मोबिल या ऑइल कंपनीने कॅस्ट्रॉल या दुसऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार केली होती की, खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून मिळणाऱ्या ग्रुप तीनच्या तेलाला सिंथेटिक म्हणणे ही ग्राहकांची दिशाभूल आहे. तेथील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. त्यामुळे आज डब्यावर ‘फुल सिंथेटिक’ असले, तरी आत बहुधा ग्रुप तीन असतो. रासायनिक रीतीने तयार केलेला पीएओ म्हणजे ग्रुप चार तुलनेने महागड्या डब्यांत मिळतो. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण ग्रुप तीनचे चांगले ऑइल आपल्या वापराला पुरून उरते. ‘सेमी सिंथेटिक’ मात्र मला कधीच आवडले नाही, कारण त्यात सिंथेटिक किती टक्के हे डब्यावर सहसा लिहिलेलेच नसते. म्हणून समोरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागच्या बाजूचा एपीआयचा, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा, गोल शिक्का वाचावा. २०२० पासूनच्या एसपी या वर्गात टायमिंग चेनची झीज रोखण्याची चाचणी समाविष्ट आहे, आणि आपल्या इंजिनाला ती उपयोगाची आहे. एसपी ऑइल जुन्या एसएन किंवा एसएम मागणाऱ्या गाडीत निर्धास्त घालता येते. उलट मात्र करू नये.

आपल्या खडखडीची दोन कारणे संभवतात, जाड ऑइल आणि फिल्टर. फिल्टरबद्दल जाणकारांनी लिहावे.

चिकोडीचा_डिझेलवाला

लेथवाल्या साहेबांचे म्हणणे बरोबर आहे. फिल्टरचे मी सांगतो, कारण आमच्या दुकानातून रोज तेच विकले जातात.

डब्यासारख्या फिल्टरच्या तोंडाशी आत एक रबरी पडदा असतो. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल मागे वाहून जाऊ नये एवढेच त्याचे काम. आडव्या किंवा तिरप्या बसवलेल्या फिल्टरमध्ये हा पडदा कमी प्रतीच्या नायट्राइल रबराचा असला की उष्णतेने कडक होतो, नीट टेकत नाही आणि रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंप आधी फिल्टर भरतो आणि मग चेनच्या टेन्शनरला दाब मिळतो. तोवर खडखड ऐकू येते. सिलिकॉनचा पडदा असलेला फिल्टर यात जास्त टिकतो. दुसरी गोष्ट बायपास व्हॉल्व्हची. फिल्टरमधला गाळणारा कागद चोंदला किंवा थंड ऑइल फार जाड असले, तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात जाते. म्हणजे मास्तरांच्या गाडीत जाड ऑइलने फिल्टरलाही काही काळ बिनकामाचे करून ठेवलेले असू शकते.

कागद किती मायक्रॉनचा कण अडवतो याच्या जाहिरातींवर जाऊ नये, कारण कोणत्या आकाराचे किती टक्के कण अडवले हे सांगितल्याशिवाय तो आकडा पोकळ असतो. कंपनीचा मूळ फिल्टर, किंवा गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्याचाच त्याच्या नावाने मिळणारा फिल्टर, दोन्ही चालतात. बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही हे डोळ्यांनी पाहावे. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर सगळे ऑइल रस्त्यावर सांडते, आणि हे मी स्वतः पाहिले आहे. नव्या रिंगेला ऑइलचे बोट फिरवून, रिंग टेकल्यानंतर हातानेच पाऊण फेरा आवळावा. पाना लावू नये. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा घालावा. तो अगदी स्वस्तात मिळतो आणि तरीही गॅरेजवाले तो टाळतात.

भावाच्या डिझेलसाठी एकच डबा घेऊ नका. डिझेलच्या ऑइलला काजळी धरून ठेवावी लागते, त्यासाठी लागणारी रसायने वेगळी असतात. २०१५ ची गाडी बीएस ६ च्या आधीची आहे, तेव्हा तिला डीपीएफसाठीचे, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीसाठीचे, कमी राखेचे महागडे ऑइल बहुधा लागणार नाही. तरी पुस्तिका पाहूनच ठरवावे. आणि डिझेलमध्ये नवे ऑइल हजार किलोमीटरच्या आत काळे झाले म्हणून घाबरू नये. काजळी त्यात मिसळली आहे म्हणजे ते आपले काम करते आहे.

मोटारसायकलला हे ऑइल अजिबात नको. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि गाडीच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू लागतो. तिच्यासाठी ‘जॅसो एमए’ हे मोटारसायकलच्या ऑइलचे जपानी मानक लिहिलेलेच घ्यावे.

टिळकवाडीचे_काका

एक वेगळे मत मांडतो, रागावू नये. आमच्या जुन्या गाडीत आयुष्यभर साधे मिनरल ऑइल घातले, दर ५,००० किलोमीटरला न चुकता बदलले आणि इंजिन एकदाही उघडावे लागले नाही. मास्तर वर्षाकाठी दहा हजार किलोमीटरही चालवत नसतील. मग सिंथेटिकचा १०,००० किलोमीटर टिकण्याचा गुण त्यांच्या कामी कधी येणार? योग्य ग्रेडचे साधे ऑइल वेळेवर बदलले तर पुरे आहे, असे मला वाटते.

उद्यमबागचा_लेथवाला

काका, आपल्या मताचा आदर आहे, आणि अर्धा मुद्दा मला मान्यही आहे. वेळेवर बदललेले साधे ऑइल दोन वर्षे सडत ठेवलेल्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही चांगले. परंतु ५डब्ल्यू-३० एवढा हलका ग्रेड साध्या खनिज तेलात टिकाऊ बनवणे अवघड असते, त्यामुळे त्या ग्रेडचे जे मिळते ते बहुतेक सिंथेटिक किंवा सेमी सिंथेटिकच असते.

मास्तरांच्या बाबतीत किलोमीटरपेक्षा महिने मोजायला हवेत. चार किलोमीटरच्या फेरीत पाणी तापते, पण ऑइल मागेच राहते. सिलिंडरमधून खाली उतरलेले पेट्रोल आणि वाफ त्यात साचत जाते. खानापूरच्या पावसाळ्यात फिलर कॅपच्या आत पांढरट साय धरलेली दिसली तर ती याचीच. महिन्यातून एकदा चोर्ल्याची फेरी होते ती यासाठी फार उपयोगी आहे, कारण तास-दीड तास गरम राहिलेले ऑइल ती वाफ बाहेर टाकते. तरीही वर्षभर वाट न पाहता सहा-सात महिन्यांनी, शक्यतो पावसाळा संपताच बदलावे असे मी सुचवेन.

खानापूरचा_मास्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. शनिवारी दुसऱ्या मिस्त्रीकडे समोर उभे राहून ऑइल बदलून घेतले: ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, सीलबंद डब्यातले. रिकामे डबे त्याच्याकडे न ठेवता त्यांची झाकणे कापून घरी आणली, कारण त्यातच बनावट ऑइल भरून पुन्हा विकतात असे ऐकले होते. मूळ फिल्टर बसवला. जुना फिल्टर करवतीने कापून पाहिला, तर आतला रबरी पडदा बोटाने दाबला तरी वाकत नव्हता, आणि तो जेमतेम महिन्याचा होता. काल आणि आज सकाळी आवाज आला नाही. त्यात ऑइलचा वाटा किती आणि फिल्टरचा किती हे मला सांगता येत नाही, कारण दोन्ही एकाच वेळी बदलले.

शेजारच्या गवंड्याने सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला काळे ऑइल मागितले होते. आमच्या दोन्ही घरांची विहीर एकच असल्यामुळे दिले नाही, मिस्त्रीच्या पिंपात टाकून आलो. भावाच्या गाडीची पुस्तिका हरवली आहे. रविवारी अथणीला जाणार आहे, तेव्हा बॉनेटखालच्या स्टिकरचा आणि फिलर कॅपचा फोटो येथे टाकतो. चिकोडीच्या साहेबांनी कृपया पाहून सांगावे.