शब्दचर्चा : दाखल की शरीक, कच्चा की पक्का? दवाखान्याच्या कॉम्प्युटरची मराठी

मांजराकाठ :
दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचे स्क्रीन मराठीत करायचं काम चालू आहे. वापरणारी मंडळी नोंदणी खिडकी, वॉर्ड आणि लॅब अशी तिन्हीकडची, बहुतेक लातूर, धाराशिव, बीडकडची. चार ठिकाणी शब्द अडलाय. 'ॲडमिट'ला भरती म्हणायचं, दाखल म्हणायचं की आपला 'शरीक'? रिपोर्टच्या 'प्रिलिमिनरी' आणि 'फायनल'ला काय? एकाच पेशंटचे दोन नंबर निघाले की ते 'मर्ज' करतात, त्याला काय? आणि वेगवेगळ्या यंत्रणांनी आपसात माहिती देणं-घेणं, ज्याला कागदोपत्री 'आंतरकार्यक्षमता' लिहितात, त्याला तोंडात बसेल असा शब्द आहे का?

गोदाकाठ :
'शरीक'पासून सुरुवात करू. 'आजीला घाटीत शरीक केलंय' (घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा सरकारी दवाखाना) हे वाक्य जालन्यापासून नांदेडपर्यंत कुणालाही कळतं, पुण्यात मात्र ऐकणारा गोंधळतो. अरबी 'शरीक' म्हणजे भागीदार, सहभागी. हैदराबादच्या दखनी उर्दूत 'दवाखाने में शरीक करना' हा रोजचा प्रयोग आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, तिथून तो आपल्या बोलीत राहिला. 'दाखल' शुद्ध आणि 'शरीक' परका, असं कुणी म्हणत असेल तर 'दाखल'ही अरबीच आहे, आणि 'दवाखाना'तला 'खाना' फारसी.

'भरती' टाळा. मराठीत भरती पोलिसांची होते नाहीतर समुद्राला येते.

तरी स्क्रीनवर मत 'दाखल'ला, पण एका अटीवर. आपल्याकडे अर्जही 'दाखल' होतो. फॉर्मच्या तळाशी नुसतं 'दाखल करा' लिहिलं तर खिडकीवरच्या माणसाला वाटतं, भरलेली माहिती साठवायची आहे. बटण दाबलं की सिस्टिममधून ए०१ हा दाखल झाल्याचा संदेश सुटतो, वॉर्डच्या यादीत पेशंट उभा राहतो, खाट अडते, बिलात खाटेचं भाडं चालू होतं. माणूस मात्र ओपीडीच्या बाकावर बसलेला असतो. मग ए११ पाठवून दाखल केल्याची नोंद रद्द करावी लागते, आणि तोवर आहारविभागाने त्याच्या नावाचं जेवण लावलेलं असतं. म्हणून एका बटणावर 'नोंद साठवा' आणि दुसऱ्यावर 'रुग्णाला वॉर्डात दाखल करा', असं पूर्ण लिहा. नातेवाइकांसाठी जो बोर्ड किंवा एसएमएस असेल त्यात 'शरीक' खुशाल वापरा.

पूर्णा :
'डिस्चार्ज'बद्दल कुणी विचारलं नाही, पण खरी गडबड तिथे आहे. राउंडला डॉक्टर 'सुट्टी' म्हणतात ती सकाळी दहाला. बिल मिटतं दुपारी, माणूस खाट सोडतो चार वाजता. डिस्चार्जचा ए०३ संदेश यातल्या पहिल्या क्षणी गेला तर चालू औषधांच्या ऑर्डरी बंद होतात आणि दुपारचं इंजेक्शन नर्सच्या यादीतून गायब. 'सुट्टी लिहिली', 'बिल मिटलं', 'खाट रिकामी' अशा तीन वेगळ्या स्थिती ठेवा आणि ए०३ तिसरीला बांधा.

जाता जाता, 'एचएमआयएस' हा शब्दही जपून. उपकेंद्रातल्या एएनएमताईंसाठी एचएमआयएस म्हणजे केंद्र सरकारच्या पोर्टलवर दर महिन्याला भरायचा अहवाल. मेडिकल कॉलेजच्या खिडकीवर तोच शब्द केसपेपर काढायच्या सॉफ्टवेअरला वापरतात. 'एचएमआयएस बंद आहे' म्हटल्यावर दोघी दोन वेगळ्या गोष्टी ऐकतात.

नळीवाला :
रिपोर्टसाठी लॅबमध्ये 'कच्चा' आणि 'पक्का' हे शब्द चालतात, तेच घ्या. 'अंतिम अहवाल' नको. एक तर 'अंतिम' ऐकून नातेवाइकाच्या पोटात गोळा येतो, दुसरं म्हणजे अंतिम म्हटल्यावर त्यात पुन्हा दुरुस्ती कशी होणार? आणि दुरुस्ती तर होते.

प्लेटलेटचं उदाहरण घ्या. जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी मशीनला लागते, मशीन बारकोड वाचतं, आकडा देतं ४२ हजार. पण काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि मशीन त्या मोजत नाही. स्लाइड करून पाहिली की घोस दिसतात. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजायचं. त्या नळीत द्रव सायट्रेटमुळे रक्त पातळ झालेलं असतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं. स्लाइड पाहण्याआधीचा ४२ हजार हा कच्चा आकडा. तो वॉर्डात पक्का म्हणून गेला तर रक्तपेढीत धावाधाव सुरू.

मांजराकाठ :
नळीवाला दादा, अडचण अशी की बाजारात 'कच्चं बिल' म्हणजे कर चुकवून दिलेली चिठ्ठी. रिपोर्टवर 'कच्चा' छापला तर लोक लॅबवर शंका घेतील. त्याऐवजी 'पडताळणी बाकी' चालेल का? काय राहिलंय ते तरी त्यातून कळतं.

नळीवाला :
मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, कच्ची वही आणि पक्की वही दोन्ही चोख असतात हो. पण तुमचा मुद्दा मान्य. 'पडताळणी बाकी' ठीक आहे.

बालाघाट :
थांबा, इथे दोन स्थितींची एकच मोट बांधली जातेय. एचएल७ (दवाखान्यातल्या यंत्रणांनी एकमेकींना संदेश पाठवायची ठरलेली पद्धत, वरचे ए०१, ए०३ त्यातलेच) संदेशात निकालाची प्रत्येक ओळ 'ओबीएक्स' नावाने जाते. उभ्या रेघांनी पाडलेले रकाने असतात. तिसऱ्यात चाचणीचा कोड (लॉइंक या चाचण्यांच्या जागतिक कोडयादीत मशीनवर मोजलेल्या प्लेटलेटचा कोड ७७७-३), पाचव्यात आकडा, सहाव्यात एकक, सातव्यात नॉर्मल मर्यादा, आठव्यात कमी-जास्तीची खूण आणि अकराव्यात स्थिती. या अकराव्या रकान्यात 'आर' म्हणजे आकडा आलाय, कुणी तपासलेला नाही. 'पी' म्हणजे आजवरचं तपासून दिलंय, पुढचं यायचंय. 'एफ' म्हणजे पूर्ण, आणि 'सी' म्हणजे आधी दिलेलं दुरुस्त केलंय.

नळीवाल्यांचा ४२ हजार हा 'आर'. रक्ताच्या कल्चरचा (जंतू वाढवून पाहायच्या चाचणीचा) दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट हा 'पी'. तो मायक्रोबायोलॉजीने सही करून दिलेला असतो, त्यावरून अँटिबायोटिक सुरूही करतात. त्याच्यावर 'पडताळणी बाकी' लिहिलं तर डॉक्टर थांबतील, आणि थांबायचं नसतं. म्हणून 'आर'ला पडताळणी बाकी, 'पी'ला अंतरिम (अंतरिम अर्थसंकल्पामुळे तो शब्द सगळ्यांना पाठ आहे), 'एफ'ला पक्का, 'सी'ला दुरुस्त. 'दुरुस्त' रिपोर्टवर जुना आकडाही खोडलेल्या रूपात दिसायला हवा, नाहीतर वॉर्डात दोन कागद फिरतात. बरीच सॉफ्टवेअरं आर आणि पी दोन्हींना 'पी' पाठवून मोकळी होतात. भाषांतर करण्याआधी तुमच्या लॅबचं सॉफ्टवेअर काय पाठवतं ते संदेश उघडून बघा. शब्द कितीही चांगला असो, मागचं अक्षर चुकीचं असेल तर काही उपयोग नाही.

आता 'आंतरकार्यक्षमता'. त्यासाठी एक शब्द शोधूच नका, कारण त्या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं आहेत आणि ती तीन वेगळ्या तऱ्हेने बिघडतात.

पहिलं 'जोडणी'. तार, स्विच, आयपी पत्ता. पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघणं) लागलं की जोडणी आहे, एवढंच सिद्ध होतं. एक्स-रे मशीनवरून पिंग लागतं, तरी फोटो सर्व्हरवर जात नाही, ही नेहमीची तक्रार. डायकॉममध्ये (एक्स-रेसारखे फोटो पाठवायची ठरलेली पद्धत) दोन्ही टोकांना एकमेकांचं 'एई टायटल' माहीत असावं लागतं. ते जास्तीत जास्त १६ अक्षरांचं नाव. त्यात एक अक्षर लहान-मोठं झालं किंवा पोर्ट (यंत्रातल्या दाराचा नंबर) दोन टोकांना वेगळा पडला की बोलणी फिसकटतात. आधी पिंग, मग मशीनवरचं डायकॉम एको (डायकॉमचं स्वतःचं पिंग), आणि तिसऱ्यांदा एक फोटो पाठवून बघायचा, हा क्रम.

दुसरं 'देवाणघेवाण'. इथे आपल्याकडे तयार शब्द आहे : पोच. संदेश घेणारी यंत्रणा उलट पोच देते. 'एए' म्हणजे घेतलं, 'एई' म्हणजे आत चूक सापडली, 'एआर' म्हणजे नाकारलं. तहसीलमधल्या आवक-जावकसारखंच. फक्त स्क्रीनवर 'पोचलं' आणि 'पाहिलं' हे वेगळे दाखवा. पोच मिळाली म्हणजे सर्व्हरला मिळालं, सिस्टरांनी वाचलं असं नाही. नुसतं 'पाठवले' लिहिणं तर सगळ्यात वाईट. पोच न आलेला संदेश रांगेत अडकून बसतो, त्याच्या मागचे शंभर अडतात आणि लॅबच्या स्क्रीनवर सगळ्यांपुढे हिरवं 'पाठवले'.

तिसरं, ज्याला मी 'अर्थमेळ' म्हणेन, म्हणजे दोन्ही टोकांना आकड्याचा अर्थ एकच लागणं. पुन्हा प्लेटलेट. मशीन हजारात बोलतं, आपण लाखात. मशीनचा १५० म्हणजे आपला दीड लाख. वॉर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये धोक्याची घंटा '०.२ पेक्षा कमी' अशी लाखाच्या हिशोबाने बसवलेली आहे आणि आकडा हजारात येतो १२. बारा हा ०.२ पेक्षा मोठाच, घंटा वाजतच नाही. पेशंटच्या प्लेटलेट मात्र बारा हजार. उलट केलंत, म्हणजे नियम '२० पेक्षा कमी' आणि आकडे लाखात, तर धडधाकट १.८ लाखवाल्यालाही घंटा होते. दोन दिवसांत वॉर्ड ती घंटा बंद करून टाकतो. जोडणी उत्तम, पोच चोख, अर्थमेळ नाही. सहावा रकाना रिकामा पाठवणाऱ्या मशीनचा निकाल घेऊच नका.

गोदाकाठ :
'अर्थमेळ' झकास. आधी ऐकला नव्हता, पण समजवायला काही लागत नाही. ते पोर्टचं तेवढं आकड्यांत लिहा, वाचणारा चुकेल.

बालाघाट :
बरोबर. दोन पोर्ट नेहमी दिसतात, १०४ आणि ११११२. एका टोकाला १०४ आणि दुसऱ्याला ११११२ राहिला तर फोटो जाणार नाही. पोर्ट तोंडी सांगू नये तो यासाठीच.

पूर्णा :
'मर्ज'ला 'विलीनीकरण' लिहू नका, ते बँकांचं होतं. 'दोन नोंदी एक करा' पुरे. पण त्या बटणाआधी दुहेरी नोंदी का होतात ते मार्गदर्शिकेत यायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद सासरच्या नावाने, बाळंतपणाची माहेरच्या आडनावाने. शेख मंडळींची नावं 'शे. रहीम शे. करीम' अशी लिहिली जातात, मग कॉम्प्युटरमध्ये कधी 'शे.' हे नाव होतं, कधी आडनाव. नाव जुळत नाही म्हणून जन्मतारीख बघावी तर निम्म्या गावाची १ जून, गुरुजींची कृपा. नाव अधिक जन्मतारीख एवढ्यावर नोंदी एक करू नका. मोबाइल, गाव आणि आई-वडील किंवा नवऱ्याचं नाव जुळवा. आभा (केंद्र सरकारचं आरोग्य खातं) असेल तर १४ आकडी नंबर, पण तो दवाखान्याच्या नंबराची जागा घेत नाही, दोन्ही रकाने हवेत.

एक करताना ए४० संदेश जातो. त्यात एक 'राहणारा नंबर' आणि एक 'मिटणारा नंबर' असतो. स्क्रीनवर हेच दोन शब्द ठेवा, 'मूळ' आणि 'दुय्यम' नको, मूळ कोणता यावर खिडकीवर वाद होतो. एक्स-रे ठेवणाऱ्या सर्व्हरला ए४० कळत नसेल तर जुने फोटो मिटलेल्या नंबराखाली पडून राहतात आणि डॉक्टरला 'आधीचा एक्स-रे नाही' दिसतं.

खाम :
नावं देवनागरीत छापणार असाल तर आधी रकान्याची लांबी विचारा. यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरने अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'ज्ञानेश्वर' दिसतं छोटं, पण पाय मोडल्याच्या खुणा आणि काना-मात्रा धरून दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. रकाना २० बाइटचा असेल तर 'ज्ञाने' पर्यंत १८ जातात आणि उरलेल्या दोनांत 'श' अर्धवट तुटतो. लेबलवर 'ज्ञाने' आणि पुढे चौकोन. जुन्या लेबल प्रिंटरला जोडाक्षरंही जुळवता येत नाहीत, नाव चित्र म्हणून पाठवावं लागतं. लेबलवर नंबर मोठा, नाव त्याखाली.

आणि नळीवरच्या त्या कागदाला 'लेबल'च म्हणा. 'चिठ्ठी' लिहिलंत तर माणूस ती घेऊन औषधाच्या खिडकीवर उभा राहील.