एडिथ कानाकाओलेंनी हुलाचं दार उघडलं, ते बरंच केलं

रानभूल
अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर २०२३ साली हवाईच्या एडिथ कानाकाओले (१९१३-१९७९) आल्या. केसांतून आणि डोक्यावरच्या लेईतून (फुलापानांच्या माळेतून) डोंगर-समुद्र उमटलेले, असं सुरेख चित्र. बाई कुमू हुला, म्हणजे हुला या हवाईच्या पारंपरिक नाचाच्या गुरू. नाच, ओली (पठण) आणि पेलेची, म्हणजे ज्वालामुखीच्या देवीची परंपरा त्या आईकडून शिकल्या.

१८३० मध्ये ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी घातली. कालाकाउआ राजाने १८८३ च्या राज्याभिषेकात तो पुन्हा मानाने नाचवला, पण दहाच वर्षांत राज्यच गेलं आणि १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषाही हद्दपार झाली. जे उरलं ते घरातच राखायचं, ही सवय लागली तर नवल नाही. एडिथबाईंनी मात्र १९७० च्या दशकात हिलोच्या कॉलेजात परक्या पोरांनाही शिकवलं. तसं केलं नसतं तर आज वाद घालायलाही काही शिल्लक नसतं, असं माझं मत. तुमचं?

तिरकस_तात्या
साफ असहमत. त्यांची 'ए हो माई' ही ओली घ्या. शिष्यांनी शिकण्याआधी एकत्र म्हणायची, गाण्यांत दडलेलं ज्ञान वरून मागायची ही प्रार्थना. आता ती कुठल्याही कॉन्फरन्सच्या उद्घाटनाला म्हणतात, वर नाण्यावर कोरली. दार उघडलं की आत कोण येतं ते आपल्या हातात राहत नाही. वाइकिकीच्या पर्यटनस्थळी १९३७ ते २००२ कोडॅक या कॅमेरा कंपनीचा हुला शो चालला. पर्यटकांचे फोटो नीट यावेत म्हणून ऊन पाठीशी येईल अशी बसायची सोय! त्याला जतन म्हणायचं?

सॅन_होजेकर
तात्या, कोडॅकचं पाप बाईंच्या माथी का मारताय? शो सुरू झाला तेव्हा त्या चोविशीच्या होत्या.

हिलोला ईस्टरनंतरच्या आठवड्यात मेरी मोनार्क हा हुलास्पर्धांचा महोत्सव असतो, तो आम्ही पाहिलाय. स्टेडियमला एडिथबाईंचंच नाव. त्यांची शाळा, हालाऊ ओ केकुही, स्पर्धेबाहेरच्या बुधवारी नाचते. गुडघे इतके वाकवून की मांड्या भरून याव्यात, आणि तरी वरचा आवाज हलत नाही. बाजूला भोपळ्याचा दुहेरी इपू जमिनीवर आपटला की 'धप्प' आणि बोटांनी मारला की 'टक'. हुलाची देवी लाका हिचा कुआहू, म्हणजे वनस्पतींनी सजवलेली वेदी, मात्र मंचावर आलीच नाही. सगळं उघडं केलंय कुठे? आपल्याला ओसरी दिसते, माजघर नाही.

गोदाकाठ
आपल्याकडे गोंधळाचं तेच झालं की. कुलदैवताचा विधी होता, आता गॅदरिंगचा 'आयटम'.

रानभूल
@गोदाकाठ, तुलना मोहात पाडते खरी, पण गोंधळ्याला मराठी बोलू नकोस असं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. तिथे हवाईयन भाषा १९७८ मध्ये राज्यघटनेत अधिकृत झाली आणि त्या भाषेच्या बालवाड्या १९८३ नंतर निघाल्या. मधल्या काळात ओली म्हणजे जपून ठेवलेली भाषाच होती. ती चार जणांच्या तोंडी ठेवणं परवडणारं नव्हतं.

पाणकणीस
दोघेही मंचाबद्दलच बोलताय. हुलासाठी मायले, पालापालाई नेचा, ओहिआ लेहुआची फुलं रानातून आणतात, ओली म्हणून, हवी तेवढीच. ओहिआला आता बुरशीच्या रोगाने घेरलंय आणि महोत्सवात नाचणाऱ्यांना ओहिआ टाळा म्हणून सांगावं लागलं. झाडच नसेल तर परंपरा शुद्ध ठेवून काय करायचं? २०१९ मध्ये मौना केआ या पवित्र डोंगरावर नव्या महादुर्बिणीच्या बांधकामाविरुद्ध लोकांनी रस्ता अडवला, तेव्हा तिथे रोज ओली आणि हुला व्हायचे. ते शेकडो लोक ओली शिकले कुठून? सगळेच काही गुरूच्या घरी वाढले नव्हते.

तिरकस_तात्या
मौना केआचा मुद्दा मान्य. तिथे म्हणणारे निदान कुणासाठी म्हणतोय ते जाणून होते. पण कॉन्फरन्सवाल्यांचं काय? त्यांना कोण अडवणार?

सॅन_होजेकर
अडवायचं की नाही ते हालाऊ ठरवेल. बाईंच्या मुली पुआलानी आणि नालानी यांनीच ती पुढे चालवली, १९९३ ला दोघींना राष्ट्रीय वारसा फेलोशिपही मिळाली. कॉन्फरन्सवाल्यांनी आधी हालाऊला विचारावं, एवढंच. विचारलं असेल असं मात्र मला वाटत नाही.