‘संशयकल्लोळ’ पुन्हा रंगमंचावर आणताना कात्री कुठे लावावी?

गिरगावकर:
नमस्कार. आमच्या हौशी नाट्यमंडळाने यंदा दिवाळीनंतर गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ करायचे ठरवले आहे. प्रयोग मुंबईत गिरगावच्या केळेवाडीतील साहित्य संघ मंदिरात व्हावा, अशी सर्वांची इच्छा आहे. अडचण वेळेची आहे. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले, त्या काळी रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेकडे झुकला तरी प्रेक्षक बसून राहत असत. आमचा प्रेक्षक मात्र बोरिवलीहून आणि डोंबिवलीहून येणार, आणि त्याला परतीची गाडी गाठायची असणार. म्हणून प्रयोग मध्यंतरासह तीन तासांत बसवावा लागेल. मंडळातील तरुणांचे म्हणणे असे की पदे निम्मी करावीत. ज्येष्ठांना एकही पद गाळलेले चालणार नाही, त्यांच्या मते गद्य प्रवेश आटोपशीर करावेत. संगीत नाटकांच्या पुनरुज्जीवनाचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पायपेटी:
मी अनेक वर्षे संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, गद्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. हे नाटक मुळात गद्यच होते. आर्थर मर्फीच्या इंग्रजी प्रहसनावरून देवलांनी आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले आणि पदे पुष्कळ वर्षांनी आली. त्यामुळे विनोदाचा सगळा डोलारा घटनांच्या साखळीवर उभा आहे. नायिका रेवती घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते पाहते, रेवतीच्या हातून निसटलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर नेमकी कृत्तिकेला सापडते आणि तिच्या हातात ती पाहून फाल्गुनरावाचे डोके फिरते. यातला एक दुवा कापला, तर पुढच्या अंकात प्रेक्षक हसण्याऐवजी शेजाऱ्याला विचारू लागतो की हा माणूस एवढा का चिडला.

मग वेळ कुठून काढायचा? माझे उत्तर असे की पदे गाळू नका, पदांचा विस्तार आवरा. ही पदे पात्र काही सांगू पाहते म्हणून लिहिलेली आहेत आणि अस्ताई-अंतरा, म्हणजे पदाचे दोन मूळ भाग, नीट म्हटला तर बहुतेक पदे तीन-चार मिनिटांत पूर्ण होतात. आलाप, ताना आणि वन्समोअर यांनी ती लांबत गेली. विस्तारासाठी फार तर दोन जागा राखून ठेवा. त्यांतली एक ‘मृगनयना रसिक मोहिनी’ची असावी, कारण डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या आवाजातला तो दरबारी कानडा ज्यांच्या कानांत बसला आहे, ते तिकीट काढतात तेच मुळी त्या पदासाठी. बाकीच्या पदांत गायक नटाने संवादाचा धागा सोडू नये. तालमीत घड्याळ लावून बसा, वीस-पंचवीस मिनिटे सहज निघतील.

आणखी एक विनंती. साथ प्रत्यक्ष ठेवा. एका पुनरुज्जीवित संगीत नाटकाचा प्रयोग मी ध्वनिमुद्रित साथीवर पाहिला होता. नायिकेला प्रेक्षकांची दाद मिळाली, ती क्षणभर थांबली आणि संगीत तिला मागे टाकून पुढे निघून गेले. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. एक ऑर्गन आणि एक तबला एवढे पुरे, पण ते नटाकडे पाहून वाजले पाहिजेत.

माटुंग्याची वाचक:
‘पायपेटी’ यांच्याशी मी सहमत आहे, परंतु एक धोका त्यांच्या लिहिण्यात आला नाही. आजकाल कात्री लागते ती बहुधा रेवतीच्या घरच्या प्रवेशांना. ती नायकिणीची मुलगी आहे, हे सांगायला अवघड वाटते म्हणून तिला नुसती गाणारी तरुणी करून टाकले जाते. तसे करू नये. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा संशय स्वभावातून येतो. रेवतीच्या संशयामागे मात्र तिने पाहिलेले जग आहे, कारण आपल्यासारखीशी कोणी खरोखर लग्न करील का, हा प्रश्न तिच्यासाठी खेळ नाही. याच देवलांनी बाला-जरठ विवाहावरचे ‘शारदा’ लिहिले होते आणि शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ही लिहिले होते. संशयाने माणूस कुठवर जातो हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि ‘संशयकल्लोळ’मधले हसू त्या जाणिवेमुळेच उथळ होत नाही. बालगंधर्वांनी केलेली ही भूमिका आज एखादी अभिनेत्री करणार असेल, तर तिला केवळ सुरेल गळा पुरणार नाही.

विलेपार्लेकर:
फाल्गुनरावाच्या भूमिकेसाठी गाणारा नट शोधण्यात वेळ दवडू नका, शब्द लख्ख उच्चारणारा नट शोधा. गणपतराव बोडस यांच्या फाल्गुनरावाचे नाव आजही घेतले जाते ते बोलण्यामुळे. भाषा आजची करण्याचा मोहही टाळावा. पात्रांना नक्षत्रांची आणि महिन्यांची नावे देणाऱ्या नाटककाराची भाषा थोडी ठेवणीतली असणारच, आणि आमच्या महाविद्यालयीन मुलांना ती कळते, हे मी प्रयोगाला बसून पाहिले आहे.

गिरगावकर:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही पहिला अंक घड्याळ लावून वाचला. पदे आवरून म्हटली, तेव्हा तो पंचावन्न मिनिटांत झाला आणि एकही वाक्य गाळावे लागले नाही. रेवतीच्या घरचे प्रवेश संहितेत आहेत तसेच राहतील, असे बैठकीत ठरले. आता आमच्यापुढे एकच प्रश्न आहे: पायाने भाता चालवायचा जुना ऑर्गन, चांगल्या स्थितीतला, भाड्याने कुठे मिळेल? ‘पायपेटी’ यांना माहिती असल्यास त्यांनी जरूर कळवावे, कारण तालमी येत्या रविवारपासून सुरू होत आहेत.