आर्क्टिकच्या बर्फाचे आकडे दोन सॅटेलाइटचे वेगवेगळे का?

पंचवटीकर०७: मंडळी, पुतणीचा बीएस्सीचा प्रोजेक्ट चाललाय आणि आम्ही दोघंही अडकलोय. सप्टेंबर २०१२ चा आर्क्टिकच्या समुद्री बर्फाचा नीचांक घ्यायचा होता, तर अमेरिकेच्या एनएसआयडीसी या बर्फाचा डेटा ठेवणाऱ्या केंद्राकडे साधारण ३४ लाख चौ. किमी आणि जपानच्या जाक्सा या अंतराळ संस्थेकडे ३१.८ लाख. समुद्र तोच महिना तोच, मग दोन लाखांचा फरक कुठनं आला? कुणाचं खरं धरायचं?

बागाईतदार_दिंडोरी: भाऊ दोन्ही खरं. हे फोटो नसतातच मुळी, बर्फ आणि पाणी वेगवेगळी मायक्रोवेव्ह सोडतात ती पकडतात, म्हणून तर ढग असो नाहीतर सहा महिन्यांची रात्र, मोजणी चालूच राहते. आता असं समजा की शिवारातली द्राक्षं मोजायचीत, आणि नियम असा की गटात १५ टक्के जरी बाग असली तरी पूर्ण गट द्राक्षाचा धरायचा. गट जेवढे मोठे तेवढा एकूण आकडा फुगणार ना? तसंच समुद्राचे चौकोन पाडतात, १५ टक्के बर्फ असला की पूर्ण चौकोन बर्फाचा. एनएसआयडीसीचे चौकोन २५ किमीचे, जाक्साचे बारीक, त्यामुळे बर्फाच्या कडेला जपानचा आकडा कमी भरतो. शिवाय दोघांचं गणितही वेगळं.

चष्मेबद्दूर: म्हणजे ज्याला जो हवा तो आकडा उचलायचा, झकास 😄

बागाईतदार_दिंडोरी: तसं नाही हो. दोन्हीकडे २०१२ च तळाला आहे, २०२० त्याच्यानंतर. फक्त एकाचं २०१२ घेऊन दुसऱ्याच्या २०२० शी लावलं की झाला घोळ, आणि व्हॉट्सअपवर नेमकं तेच फिरतं.

मेरी_कॉलनी: अजून एक बघून घ्या, शीटमध्ये विस्तार (वरचा १५ टक्क्यांचा नियम लावलेला) आहे का क्षेत्रफळ. क्षेत्रफळात चौकोनातला बर्फ टक्क्यानेच धरतात म्हणून तो आकडा बराच कमी येतो, त्यात उन्हाळ्यात बर्फावर पाण्याची डबकी साचतात ती सॅटेलाइटला उघडा समुद्रच वाटतात. आणि ध्रुवावरनं सॅटेलाइट जातच नाही, मधे गोल भोक राहतं, १९७८ च्या निंबस-७ सॅटेलाइटचं बरंच मोठं होतं नंतर लहान होत गेलं. विस्तारात ते भोक बर्फाने भरलेलं धरतात, एनएसआयडीसीच्या क्षेत्रफळात मात्र सोडून देतात. जुनी नवी वर्षं लावताना हे ध्यानात ठेवा नाहीतर मध्येच बर्फ वाढलेला दिसेल.

चष्मेबद्दूर: आणि सेन्सरच बिघडला तर?

मेरी_कॉलनी: बिघडलाय की! २००९ च्या सुरुवातीला एफ-१५ नावाच्या सॅटेलाइटचा सेन्सर भरकटला, बर्फ ५ लाख चौ. किमीपर्यंत कमी दिसायला लागला. एनएसआयडीसीने स्वतःच जाहीर केलं आणि दुसऱ्या सॅटेलाइटचा डेटा लावला. म्हणून रोजचा ताजा आकडा कच्चा समजायचा.

पंचवटीकर०७: भारी समजावलंत राव. अंटार्क्टिकालाही हेच लागू का? तिकडे बर्फ वाढतोय असं ऐकलेलं.

बागाईतदार_दिंडोरी: मोजायची पद्धत तीच. वाढ होती ती २०१४ पर्यंत, त्या सप्टेंबरात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याअखेरच्या उच्चांकाला, २ कोटी चौ. किमीच्या वर गेला होता. मग घसरला तो असा की फेब्रुवारी २०२३ चा तिकडच्या उन्हाळ्यातला नीचांक १७.९ लाख, सॅटेलाइट आल्यापासनं सगळ्यात कमी. हे दोन्ही एनएसआयडीसीचे आहेत, तुम्हाला १९७९ पासूनचा ग्राफ काढायचा असेल तर तीच सिरीज घ्या आणि जाक्साची बाजूला वेगळ्या रंगाने दाखवा, दोन लाखांचं अंतर परीक्षक विचारणारच.