मदत हवी आहे: लिमिटमध्येही क्ष, आतही क्ष, डेरिव्हेटिव्हची दोन उत्तरं येतात

फ(क्ष) = ∫ साइन(क्ष·ट)/ट डीट. खालची लिमिट क्ष, वरची क्ष², क्ष धन. फ′(क्ष) हवा आहे.

पहिली रीत: वरची लिमिट ट च्या जागी घालून तिच्या डेरिव्हेटिव्हने गुणलं, खालच्या लिमिटचं तसंच करून वजा केलं. उत्तर [२ साइन(क्ष³) − साइन(क्ष²)]/क्ष.

दुसरी रीत: प = क्ष·ट घेतलं. लिमिट क्ष² ते क्ष³ झाल्या, आत साइन(प)/प उरलं. उत्तर [३ साइन(क्ष³) − २ साइन(क्ष²)]/क्ष.

क्ष = १ ठेवलं की दोन्हींतून ०.८४१५ येतं. मग चूक कुठे आहे?

प्रतिसाद १

दुसरं बरोबर आहे. पहिल्या रीतीत लायब्निझच्या नियमाचं (लिमिट आणि आतलं फल दोन्हींत क्ष असताना इंटिग्रलचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) तिसरं पद राहिलं. क्ष हलला की फक्त लिमिट सरकत नाहीत, आतला आलेखही बदलतो. त्यासाठी ट स्थिर धरून आतल्या फलाचं क्ष च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्या. ते ट·कॉस(क्ष·ट)/ट, म्हणजे कॉस(क्ष·ट). खालचा ट कटला, म्हणून पुढचं सोपं आहे: क्ष ते क्ष² इंटिग्रेट केलं की [साइन(क्ष³) − साइन(क्ष²)]/क्ष. हे तुमच्या पहिल्या उत्तरात मिळवा, दुसरं उत्तर तंतोतंत येतं.

पडताळ्यासाठी क्ष = १ घेऊ नका. तिथे दोन्ही लिमिट १ होतात आणि राहिलेलं पद आपोआप शून्य होतं, त्यामुळे चूक झाकली जाते. क्ष = २ घ्या: बरोबर उत्तर २.२४, तुमचं पहिलं १.३७.

प्रश्नकर्ता

कळलं, आभार! पण आतला क्ष इंटिग्रलच्या बाहेर काढता येत असेल तरी हे पद लागतं का?

प्रतिसाद १

बाहेर काढलात तर गुणाकाराचा नियम लावा, तेच पद तिथून येतं. ० ते क्ष, आत क्ष·ट: इंटिग्रल क्ष³/२, डेरिव्हेटिव्ह ३क्ष²/२. नुसती लिमिट घातली तर क्ष² मिळतो. उरलेला क्ष²/२ म्हणजे बाहेरच्या क्ष चं डेरिव्हेटिव्ह १ गुणिले ∫ ट डीट. आत (क्ष − ट)·ग(ट) असेल तर उलट होतं: वरच्या लिमिटचं पद शून्य, सगळं उत्तर आतल्या पदातून.

प्रतिसाद २

एक भर घालतो. आतलं फल आणि त्याचं क्ष च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह, दोन्ही लिमिटच्या टोकांपर्यंत सलग आहेत ना, ते आधी पाहा. ० ते क्ष, आत १/√(क्ष − ट) हे उदाहरण घ्या. इंटिग्रल २√क्ष, म्हणून डेरिव्हेटिव्ह १/√क्ष, अगदी सरळ. पण इथे नियम थेट लावाल तर वरच्या लिमिटचं पद अनंत आणि आतलं पद उणे अनंत येतं. अशा वेळी आधी ट = क्ष·स घ्या. लिमिट ० ते १ अशा स्थिर होतात, √क्ष बाहेर येतो, आणि उरलेलं ∫ १/√(१ − स) डीस हे नुसतं २ आहे.