कॅम्परची टाकी भरायला कुठला पंप घेऊ?

प्रश्न: मंडळी, टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) करून घेतलाय, पाण्याची टाकी ८० लिटरची. कोकणात मुक्कामाला नळ जवळ असेलच असं नाही, मग विहिरीवरून २० लिटरचे कॅन आणतो, पण टाकीचं तोंड छातीइतकं उंच आणि भरलेला कॅन २० किलोच्या वर, दोन ओतले की कंबर धरते. १२ व्होल्टचा पंप चालेल का?

– चालेल की! मी कॅनमध्ये सोडायचा छोटा सबमर्सिबल वापरतो. खोक्यावर मिनिटाला १० लिटर लिहिलेलं पण वर चढवताना कमीच येतं. कॅन संपत आला की लगेच बंद करा, कोरडा चालला की जळतो, माझा एक तसाच गेला.

– मी डायाफ्राम पंप सांगेन, तो बाहेर ठेवूनच पाणी ओढतो. पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर लावाच, नाहीतर विहिरीतला कचरा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. फ्यूज बॅटरीजवळ घ्या. आणि पाइप फूड ग्रेडच हवा, बागेच्या पाइपने पाण्याला वास येतो, घरचे पिणारेत ते पाणी!

– थँक्यू दोघांना, डायाफ्रामच बघतो. पाणी उकळूनच पितो आम्ही.