इनलँड एम्पायर दोस्तांना दाखवायचाय, पण तीन तास बसवायचं कसं?

रंकाळा_पम्या:
आमची कॉलेजची जुनी गँग राजारामपुरीत एकाच्या टेरेसवर प्रोजेक्टर लावून पिक्चर बघत्यात, ह्यावेळी पाळी माझी आणि मी डायरेक्टर डेव्हिड लिंचचा 'इनलँड एम्पायर' (२००६) ठरवलाय. एकट्यानं बघितलेला, डोकं बधिर झालं पण आवडला. लफडं एवढंच की तीन तासांचा आहे आणि ह्यांना अर्ध्या तासात स्टोरी लागते, नायतर मोबाईल बाहेर. मधला थोडा पळवला तर चालंल का?

पेठेतला_एडिटर:
पळव की, काय बिघडत नाही. सोनीच्या पीडी-१५० वर शूट केलाय भावा, आपल्याकडं लग्नाच्या शूटिंगला असायचे तसलाच कॅमेरा. पूर्ण स्क्रिप्ट नाही, सीन लिहायचा की शूट करायचा, आणि एडिटिंगला पण लिंच स्वतःच बसलेला. ह्याचाच पहिला 'इरेजरहेड' फिल्मवर होता, पैशापायी वर्षानुवर्षं रखडला, तरी ८९ मिनिटांत आटपला. इथं टेप स्वस्त आणि बास म्हणणारं कोण नाही, मग लग्नाच्या कॅसेटसारखंच झालंय, मामा रुसंल म्हणून काहीच कापायचं नाही. पोलंडमधले सीन निम्मे उडव.

शाहूपुरीकरीण:
अजिबात पळवू नका हो. शेवटाकडं ह्यातली हिरोईन लॉरा डर्न पोटात स्क्रूड्रायव्हर खुपसलेला अशी हॉलिवूडच्या फुटपाथवर कोसळते, खाली ते स्टार कोरलेले, तिथंच रक्त ओकते, आणि शेजारी झोपलेल्या बायका पोमोनाला बस जाते का ह्यावर निवांत गप्पा मारत बसल्यात! ती मरते आणि मग कॅमेरा मागं आला की कळतं हे शूटिंग चाललंय. आता तोपर्यंत आपण तिच्याइतकेच दमलेलो नसलो तर तो सीन नुसता विचित्र वाटतो. आणि कॅमेऱ्याचं म्हणाल तर तिचा चेहरा इतक्या जवळनं, इतका ओबडधोबड दुसऱ्या कशात आला नसता.

पेठेतला_एडिटर:
तो सीन कडकच आहे ताई, त्याबद्दल वाद नाही. पण तिथवर जागं कोण राहणार?

तांबडापांढरा_००७:
लॉरा डर्नला ऑस्कर नॉमिनेशन मिळावं म्हणून लिंच हॉलिवूडमध्ये रस्त्याकडंला खुर्ची टाकून गाय घेऊन बसलेला. नाही मिळालं. म्हैस न्यायला पायजे होती, आपल्या गंगावेशीतली.

रंकाळा_पम्या:
😂 बरं, कापत नाही. दीड तासानं इंटरव्हल, जेवण मधी. पण पिक्चरमधले ते ससे माणसासारखे कपडे घालून बसलेत, एक इस्त्री करतोय आणि मागनं उगंच हशा, त्याला काय सांगू पोरांना?

शाहूपुरीकरीण:
काही सांगू नका, सांगितलंत की संपलं. आणि जेवण आधीच उरका, पांढरा रस्सा पिऊन दुसऱ्या हाफला सगळे घोरतील.

तांबडापांढरा_००७:
टेरेस कुठलं? मेसेज कर की, येतो.